बेल्टच्या आधी 'का' शिकवा

सर्व ज्युदो, कराटे, तायक्वांदो आणि मुलींच्या स्वसंरक्षणाचे वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षक बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला आपल्या सगळ्यांचे फ्लेक्स लागतात. शाळेच्या फाटकासमोर, सोसायटीच्या क्लबहाउसवर, एखाद्या मंगल कार्यालयाच्या कंपाउंडला. 'दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट', 'दहा दिवसांत तुमची मुलगी निर्भय'. पालक फोन करतात तेव्हा त्यांचाही पहिला प्रश्न तोच असतो, ब्लॅक बेल्ट कधी मिळेल? मी ज्युदो शिकवते, त्यामुळे हा फोन माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. हॉलचं भाडं, मॅटचा खर्च, स्पर्धेला मुलं न्यायची गाडी, सगळं फीमधूनच निघतं हेही ठाऊक आहे. तरी तुमच्याशी स्पष्ट बोलायचं ठरवलं. इतर वर्गांतून आलेली मुलं माझ्या मॅटवर उभी राहतात तेव्हा तेच तेच दिसतं. डाव पाठ असतो. तो का लागतो असं विचारलं की मूल गप्प होतं. आणि समोरचा जोडीदार जोरात आपटला तर 'सरांनी सांगितलं तसंच केलं' हे उत्तर तयार असतं.

मला या दोन तक्रारी वेगळ्या वाटत नाहीत. आपण काय करतो आहोत हे ज्याला उमगलेलं नाही, तो त्याची जबाबदारी कशी घेणार? तत्त्व न सांगता आपण मुलांच्या हाती डाव देतो, तेव्हा त्या डावाचं उत्तरदायित्वही आपल्याकडेच ठेवून घेतो. मग मूल वर्गात आज्ञाधारक राहतं आणि वर्गाबाहेर एकतर गोंधळतं किंवा दांडगाई करतं.

शिकवण्याच्या बाबतीत ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे, मग आपल्या भिंतीवर फोटो कुणाचाही असो. १८६० साली जन्मलेला, अंगानं किरकोळ, शाळेत थोराड मुलांचा मार खाणारा हा मुलगा १८७७ मध्ये तोक्योत फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सु, म्हणजे जपानची जुनी झटापटीची कला, शिकायला गेला. एकदा गुरूंनी त्याला एका डावानं फेकलं. त्यानं विचारलं, हात कुठे धरायचा, पाय कुठे टाकायचा? फुकुदांनी उत्तरादाखल त्याला पुन्हा फेकलं. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा फेकला गेला. समजावून सांगितल्यानं हे येत नसतं, करत राहिलं की येतं, असं गुरूंचं म्हणणं. कानोंनी गुरूंबद्दलचा आदर शेवटपर्यंत जपला, पण प्रश्न सोडून दिला नाही.

पुढे जुजुत्सुतल्याच कितो परंपरेच्या इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे शिकताना त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडलं. वयानं पन्नाशी ओलांडलेले इइकुबो तरण्या कानोंना सहज फेकत. मग एक दिवस उलटं व्हायला लागलं. कानो त्यांना फेकू लागले आणि स्वतः पडेनात. काय घडतंय हे गुरूंनी विचारलं, तेव्हा कानोंनी सांगितलं की फेकण्याआधी ते समोरच्याचा तोल मोडत होते. डाव नंतर येत होता. यावर इइकुबोंनी जे केलं ते मला त्या शोधाइतकंच मोठं वाटतं. त्यांनी विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकून घेतलं, ते खरं आहे हे मान्य केलं आणि आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे उरलं नाही असं सांगितलं. आपल्यापैकी किती जणांना हे जमेल, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

तोल मोडण्याच्या या क्रियेला ज्युदोत कुझुशी म्हणतात आणि ती आठ दिशांनी शिकवतात: पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि चार कोपऱ्यांत. एसटीत उभं असताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की आपण पुढच्या माणसावर जातो. त्या क्षणी आपल्याला ढकलायला एक बोट पुरतं, मग आपण कितीही दणकट असू. एवढं एक मुलाला अंगानं कळलं की पन्नास डाव पाठ करण्याचं ओझं उतरतं. आखाड्यात वस्ताद पोराला ढाक किंवा एकलंगी शिकवतात तेव्हा समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आलंय हे आधी बघायला लावतातच. नावं निराळी, पण माणसाचं शरीर इथलं आणि तिथलं सारखंच पडतं.

कानोंनी हे आकड्यांत मांडलं होतं. समोरच्याची ताकद दहा धरा, माझी सात. त्यानं पूर्ण जोरानं ढकललं आणि मी अडवलं तर मी हरणार. मी अडवण्याऐवजी त्याच्या ढकलण्याएवढीच मागे सरले, तोल सांभाळून, तर तो पुढे झुकतो आणि त्या अवस्थेत त्याच्याकडे दहापैकी जेमतेम तीन उरतात. माझे सात शाबूत आहेत. आता निम्मी ताकद वापरली तरी भागतं. मी हे सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. त्यांना ते लगेच पटतं, कारण हे गणित आहे, चमत्कार नाही. आणि कानो इथेही थांबले नाहीत. मागून कुणी घट्ट कवटाळलं तर सरकायचं कुठे? सरकण्याचं तत्त्व तिथे लागू होत नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि त्याहून व्यापक सूत्र शोधलं: अंगातल्या आणि मनातल्या शक्तीचा सर्वांत चांगला उपयोग. त्याच्या जोडीला दुसरं सूत्र ठेवलं, आपलं आणि दुसऱ्याचं भलं एकत्र साधणं. १९२२ मध्ये ही दोन्ही सूत्रं त्यांनी ज्युदोचा पाया म्हणून जाहीर केली. स्वतःचाच सिद्धांत कुठे तोकडा पडतो हे शिष्यांना सांगणारा गुरू आपल्याला किती वेळा भेटतो?

१८८२ मध्ये तोक्योतल्या एइशोजी मंदिरातल्या बारा चटयांच्या खोलीत कोदोकान, म्हणजे कानोंची ज्युदोची शाळा, सुरू झालं, तेव्हा शिष्य होते नऊ. कानो पेशानं शिक्षक. पुढे ते तोक्योच्या उच्च शिक्षक प्रशिक्षण विद्यालयाचे प्रमुख झाले. त्यांनी शिकवण्याच्या चार पद्धती ठरवल्या. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, आणि रँडोरी, म्हणजे जोडीदाराबरोबरचा मोकळा सराव, या आपण घेतो. तिसरी व्याख्यान, चौथी मोंदो, म्हणजे प्रश्नोत्तरं. शेवटच्या दोन आपल्याकडे कुठे गेल्या? वॉर्मअप, डावांची उजळणी, सराव, नमस्कार, संपली बॅच. तासाभरात एकाही मुलानं एकही प्रश्न विचारलेला नसतो आणि आपण त्याला शिस्त म्हणतो.

कराटेच्या मित्रांनो, हे तुम्हालाही लागू आहे. पहिल्या कातातली मूठ कमरेशी मागे ओढायची ती कशासाठी, हे तुमच्या पिवळ्या पट्ट्याच्या मुलाला विचारून बघा. समोरच्याची बाही किंवा मनगट पकडून त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी ती असू शकते, हे कळल्यावर तोच मुलगा तीच हालचाल वेगळ्या डोळ्यांनी करतो. कराटेत पहिला वार आपला नसतो, हे कराटेचे आद्य गुरू फुनाकोशी यांचं सूत्र भिंतीवर लावलेलं असतं. पण आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना कौलं फोडायला लावतो आणि एखाद्याच्या पोटावरून मोटारसायकल नेतो. टाळ्या मिळतात, चार नवीन प्रवेशही होतात. त्या मुलाला त्यातून कुठलं तत्त्व कळलं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आता जबाबदारीचं बोलते. एकच डाव जवळून बघू. ओसोतोगारी घेऊ, कारण बहुतेक वर्गांत तो अगदी सुरुवातीला शिकवतात. माझा डावा हात जोडीदाराच्या उजव्या बाहीला कोपराशी, उजवा हात कॉलरला. मी डावा पाय त्याच्या उजव्या पायाशेजारी टाकते, छातीला छाती भिडते, आणि दोन्ही हातांनी त्याला त्याच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात नेते. त्याचं सगळं वजन उजव्या टाचेवर येतं. बोटं जमिनीवरून किंचित सुटतात, ती दिसतात. आता माझा उजवा पाय मागून येऊन तोच पाय कापतो. त्याला जायला जागा एकच आहे, पाठीवर. या साऱ्यात माझा डावा हात काय करतोय? तो बाही सोडत नाही. जोडीदार पडू लागला की तो हात बाही वर ओढून धरतो, त्यामुळे त्याचं डोकं शेवटच्या वितीत सावरलं जातं आणि पाठ व हात आधी टेकतात. ज्या हातानं तोल मोडला त्याच हातानं त्याला वाचवायचं असतं. हा डाव शिकवताना आपण पायावर दहा मिनिटं घालवतो आणि या हातावर एक वाक्यही नाही.

त्या एका वाक्याची किंमत जपाननं मोजली आहे. १९८३ पासूनच्या तीन दशकांत तिथल्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभरहून अधिक मुलं दगावली. ज्युदोचं माहेर असलेल्या देशात. डोक्याच्या दुखापती हे मोठं कारण होतं, आणि बळी गेलेल्यांत नवशिकी मुलं पुष्कळ होती. ज्यांचं पडणं अजून पक्कं झालेलं नाही, अशांना मोठी मुलं ओसोतोगारीसारख्या डावांनी मागे फेकत होती. डोकं जोरात हिसकलं तरी मेंदूवरच्या शिरा तुटून रक्तस्राव होऊ शकतो, जमिनीला आपटायलाच हवं असं नाही. गेलेल्या आणि जायबंदी झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी २०१० मध्ये संघटना उभी केली आणि उत्तरं मागितली. २०१२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकलांचं शिक्षण सक्तीचं होणार होतं, त्यामुळे सगळा देश हे ऐकत होता. जपानच्या ज्युदो महासंघाला प्रशिक्षकांच्या पात्रतेचे नियम कडक करावे लागले. शतकभराची परंपरा असलेल्या लोकांना जे शिकावं लागलं, ते आपण आयतं घ्यायला काय हरकत आहे?

आपल्याकडे परिस्थिती काय आहे ते तुम्ही जाणता. फरशीवर अंथरलेल्या, एकमेकांत अडकवायच्या पातळ फोमच्या मॅटवर मुलांना फेकलं जातं. स्पर्धेची ज्युदो मॅट चार सेंटिमीटर जाडीची, दाट फोमची असते. ती परवडत नसेल तर फेकू नका. उभ्यानं तोल मोडण्यापर्यंतच शिकवा, जमिनीवरची कुस्ती शिकवा, पुष्कळ शिकण्यासारखं आहे. मुलाचं डोकं आपटलं आणि त्याला दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी सराव बंद, पालकांना फोन आणि डॉक्टर. 'काही होत नाही, ऊठ' हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडून कायमचं गेलं पाहिजे.

पडायला शिकवणं म्हणजे उकेमी. माझ्या वर्गात नव्या मुलाचे पहिले कित्येक तास यातच जातात आणि पालक कुरकुरतात की अजून डाव का नाही. उकडू बसायचं, हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. मागे लोळायचं आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर ठेवून मॅटवर सपकन मारायचे, श्वास सोडत. नजर गाठीवरून सुटली की डोकं मागे जातं. मुलं सुरुवातीला छताकडे बघतात, कारण भीती वाटली की माणूस वर बघतो. हे त्यांना सांगितलं की ती एकमेकांवर लक्ष ठेवायला लागतात. 'गाठ बघ, गाठ!' असं सगळा हॉल ओरडतो. आठ-नऊ वर्षांचं मूल दुसऱ्याच्या मानेची काळजी करायला शिकतं ते इथे.

आणि टॅप. जमिनीवरच्या डावात कोपर अडकलं की जोडीदार हातानं दोनदा थोपटतो आणि आपण त्याच क्षणी सोडतो. या साध्या नियमात दोन माणसांची जबाबदारी आहे. थोपटणाऱ्यानं आपली हद्द ओळखायची, मोठेपणापायी कोपर मोडून घ्यायचं नाही. धरणाऱ्यानं कान आणि कातडी जागी ठेवायची. ज्या वर्गात टॅप करणाऱ्याला हसतात, तिथे मुलं उशिरा टॅप करायला लागतात, आणि मग दुखापती होतात. लहान मुलांना गळा आवळण्याचे आणि कोपराचे डाव शिकवूच नका. जपानमध्येही हे वयाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं येतं.

आता मुलींच्या शिबिरांकडे वळते, कारण या पत्राची निकड मला तिथेच सर्वांत जास्त वाटते. समग्र शिक्षा अभियानाखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण म्हणून शासकीय शाळांतल्या मुलींसाठी तीन महिन्यांचं शिक्षण आहे. त्याशिवाय महिला दिनाच्या सुमारास एका दिवसाची, आठवड्याची शिबिरं होतात ती वेगळीच. एका शिबिरात मी पाहुणी म्हणून गेले होते. मनगट सोडवण्याचा डाव चालू होता. प्रशिक्षक छान होते, आवाज खणखणीत, दीडशे मुली ओळीनं करत होत्या. सातवीतल्या एका मुलीनं शेजारणीला हळूच विचारलं, ''आणि त्यानं डावा हात धरला तर?'' शेजारीण म्हणाली, ''ते उद्या असेल.''

त्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर उद्यावर ढकलण्याइतकं अवघडही नव्हतं. मुठीत चार बोटं एका बाजूला असतात आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला. पकड उघडते ती अंगठ्यापाशी. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, हात मागे ओढायचा नाही, उलट एक पाऊल टाकून आपलं कोपर त्याच्याकडे न्यायचं. मग सगळ्या अंगाचं वजन विरुद्ध त्याचा एक अंगठा असा सामना होतो. हे एवढं कळलं की उजवा-डावा, वरून-खालून, एका हातानं-दोन हातांनी हे वेगळे धडे राहत नाहीत. पकड कुठलीही असो, अंगठा कुठे आहे ते शोधायचं. त्या मुलीला ते सांगितलं, तिनं शेजारणीवर चार तऱ्हेनं करून बघितलं आणि मग स्वतः एक पाचवी तऱ्हा शोधली, दप्तराचा पट्टा धरला तर. ती मी शिकवलेली नव्हती.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण मुलींना अर्धंच सांगू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात: बलात्काराच्या आणि पॉक्सोखालच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नात्यातला, शेजारचा, शिकवणारा, मित्र म्हणवणारा. आपली शिबिरं मात्र अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाचीच तालीम करतात. काकांना डोळ्यांत बोटं घाल, हे कुठल्याही मुलीच्या मनाला झेपणार नाही. तिला आधी हे शिकायचं असतं की नकोसा स्पर्श झाला की मागे सरता येतं, मोठ्यानं 'नाही' म्हणता येतं, मोठ्या माणसाला म्हटलं तरी ते उद्धटपणाचं नसतं, आणि झालेलं सांगितलं तर तिच्यावर विश्वास ठेवणारी माणसं आहेत. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक, हे आकडे तिला तोंडपाठ हवेत. अंतर राखणं हेही तोलाचंच शास्त्र आहे. हाताच्या टप्प्याबाहेर कसं राहायचं, दार कुठल्या बाजूला आहे हे आत शिरताच कसं बघायचं, हे माझ्या वर्गात डावांच्या आधी येतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. शिकणाऱ्याची जबाबदारी म्हणजे हल्ल्याची जबाबदारी नव्हे. हल्ला झाला तर दोष करणाऱ्याचा, संपूर्णपणे. शिबिराच्या शेवटी 'आता तुम्ही शिकलात, आता काही झालं तर...' अशा वळणाची भाषणं होतात, ती थांबवा. भीतीनं मुलगी गोठून गेली तर तिनं चूक केली असं होत नाही. शरीर तसंही वागतं. आपण तिला पर्याय वाढवून देतो आहोत, परीक्षा घेत नाही.

आणि कायदा सांगा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. हा हक्क प्रत्येकाला आहे, स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठीही. पण कलम ३७ मर्यादा घालतं: बचावासाठी जेवढी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क उरत नाही. म्हणजे धोका टळला की हात थांबला पाहिजे. पडलेल्या माणसाला लाथा घालणं हे स्वसंरक्षण नाही, हे मुलग्यांच्या बॅचला विशेष करून सांगावं लागतं. दहावीतल्या पोराला हे कलम वाचून दाखवलं की तो गंभीर होतो. त्याला पहिल्यांदा कळतं की आपण शिकतोय त्याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे, सरांना नाही.

मुलांना आंधळेपणानं आज्ञा पाळायला लावणं हे आपल्या क्षेत्रातलं सर्वांत मोठं दुखणं आहे असं मला वाटतं. 'सर म्हणतील ते' यावर वाढलेलं मूल उद्या चुकीच्या माणसाचंही ऐकतं. २०२३ मध्ये ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्या कुस्तीगीर मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर महिनाभराहून जास्त बसल्या होत्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. देशासाठी पदकं आणणाऱ्यांना बोलायला इतकं बळ लागलं, तर तालुक्याच्या गावातल्या बारा वर्षांच्या मुलीला किती लागेल? म्हणून आपल्या हॉलचं दार सरावाच्या वेळी उघडं असावं, पालकांना कधीही येऊन बसता यावं, मुलींच्या बॅचला एक तरी बाई हजर असावी, डाव दाखवताना मुलाला हात लावण्याआधी विचारावं. आणि मुलानं 'सर, मला हे करायचं नाही' म्हटलं तर कारण न विचारता मान्य करावं. ज्युदोत आपण टॅप मानतो, मग शब्द का मानू नये?

बेल्टबद्दल थोडकंच बोलते. आज वर्गावर्गांत दिसणारे रंगीबेरंगी पट्टे कानोंच्या कोदोकानातून आलेले नाहीत, ते युरोपातल्या ज्युदोत रुजले आणि तिथून जगभर गेले. लहान मुलांना टप्पे दिसले की हुरूप येतो, त्यात वाईट काही नाही. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची वेगळी फी आणि सगळेच पास, यात परीक्षा कुठे उरली? फुकुदा हाचिनोसुके यांची नात केइको हिला कानोंनी स्वतः ज्युदो शिकायला बोलावलं. स्त्री म्हणून तिला अनेक वर्षं पाचव्या दानवरच (ब्लॅक बेल्टपासून पुढच्या श्रेणींना दान म्हणतात) थांबवून ठेवलं गेलं. तरी ती शिकवत राहिली, सॅन फ्रान्सिस्कोत तिनं आपला वर्ग उभा केला आणि २०११ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतल्या महासंघानं तिला दहावा दान दिला. पुढची पायरी मिळत नव्हती तेव्हाही तिचं ज्ञान वाढतच होतं.

जपानच्या ज्युदो महासंघानं २०२२ मध्ये आणखी एक धाडसी निर्णय घेतला. प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण उघड सांगितलं: मुलांना वजन घटवायला लावणारे पालक, पंचांवर ओरडणारे प्रशिक्षक, जिंकण्यापलीकडे काहीच न दिसणं. आपल्याकडे दहा वर्षांच्या मुलाला वजनगटात बसवण्यासाठी स्पर्धेच्या आदल्या रात्री उपाशी ठेवलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पाणीसुद्धा दिलं जात नाही. वाढत्या वयाच्या मुलाचं हे नुकसान कुठलंही प्रमाणपत्र भरून काढत नाही.

तर मागणं काय? पुढच्या ग्रेडिंगला, म्हणजे बेल्टच्या परीक्षेला, प्रत्येक मुलाला एक तरी प्रश्न विचारा की हा डाव का लागतो, आणि दुसरा, की यात जोडीदाराला इजा कशी होऊ शकते आणि तू ती कशी टाळतोस. मूल स्वतःच्या शब्दांत सांगेल तसं सांगू द्या. आठवड्यातून एकदा शेवटची दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांना द्या. ज्याचं उत्तर येत नाही त्याला 'शोधून सांगतो' म्हणा. पालकांना लिहून द्या की अमुक दिवसांत बेल्ट मिळेल असं आम्ही सांगत नाही. काही पालक जातील. माझ्याकडचेही गेले. जे राहिले त्यांची मुलं आता धाकट्यांना पडायला शिकवतात, आणि ती शिकवताना 'असं कर' म्हणायच्या आधी 'हे बघ, इथे वजन आलं' म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस आपापल्या गावातले सगळे वर्ग एका मॅटवर आणू या. ज्युदो, कराटे, तायक्वांदो, जमलं तर जवळच्या तालमीतले वस्तादही. गणवेश ज्याचा त्याचा, स्पर्धा नाही, पदकं नाहीत. प्रत्येकानं आपला एकच डाव दाखवायचा आणि मुलांनी विचारायचं, हा का लागतो. आमच्या गावापुरती मॅटची आणि मुलांच्या नाश्त्याची सोय मी करते. तुमच्या गावात कोण करेल ते ठरवा, आणि मुलांना आधीपासून सांगून ठेवा की येताना प्रश्न घेऊन या.

आपली,
एक ज्युदो शिक्षिका